देवमासा बघायला जाताना

पाचगणीच्या पठारावर उभे राहिले की चहूकडे डोंगरच डोंगर दिसतात. खाली कृष्णेचे खोरे दिसते. धोम धरणाचे पाणी दिसते. समुद्र मात्र कुठे दिसत नाही. आपण राहतो समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंच. म्हणजे जवळजवळ सव्वाचार हजार फूट. आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही.

पण समुद्र काही फार लांब नाही, बरं का. आणि आपले त्याचे नातेही जुने आहे. कसे ते ऐका.

दोन नद्या, दोन समुद्र

जुन्या महाबळेश्वराच्या देवळात पाच नद्यांचे पाणी येते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. यांतली कृष्णा पूर्वेला निघते. वाई, कऱ्हाड, सांगली करीत ती सुमारे 1,400 किलोमीटर चालते आणि थेट आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरते. पोलादपूर, महाड करीत ती बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरातल्या दोघी बहिणी, पण एकीचे सासर पूर्वेला, तर दुसरीचे पश्चिमेला.

या बाणकोटच्या शेजारी वेळास नावाचे गाव आहे. ते नाना फडणवीसांच्या घराण्याचे मूळ गाव. नानांचा वाडा आपल्या वाईजवळ मेणवलीला आहे. तो तुम्ही पाहिलाच असेल. म्हणजे घाटावरची आणि समुद्राकाठची माणसे पूर्वीपासून एकमेकांकडे जात-येत होती.

आता आपणही जाऊ. कशाला? तर समुद्रातले मोठे जीव बघायला. देवमासा, डॉल्फिन आणि कासव. पण जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. ती समजली की पुढचे सगळे आपोआप समजेल.

देवमासा हा मासा नव्हे

नाव देवमासा. राहतो पाण्यात. दिसतो माशासारखा. तरीही तो मासा नव्हे. असे का बरे?

मासा कल्ल्यांनी पाण्यातली हवा घेतो. त्याला वर यावे लागत नाही. देवमाशाला कल्ले नसतात. त्याला आपल्यासारखी फुप्फुसे असतात. त्याची नाकपुडी डोक्यावर असते. श्वास घ्यायला त्याला पाण्याच्या वर यावेच लागते. मासा अंडी घालतो. देवमाशाची मादी पिल्लाला जन्म देते आणि आपल्या गाई-म्हशींसारखे त्याला दूध पाजते. माशाची शेपटी उभी असते, ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते, ती वर-खाली हलते.

डॉल्फिन हा देवमाशाचाच लहान भाऊबंद. त्याचेही तसेच.

तळ्यात डुंबणारी म्हैस आठवा. सगळे अंग पाण्यात आणि नाक तेवढे वर. देवमाशाचे जगणे तसेच आहे. फरक एवढाच, की त्याचे तळे म्हणजे सगळा समुद्र.

चित्रात देवमाशाच्या डोक्यातून पाण्याचे कारंजे उडताना दाखवतात. ते पाणी नसते. तो त्याचा उच्छ्वास असतो. माघ महिन्यात भल्या पहाटे आपल्या तोंडातून वाफ निघते ना? तशीच ती वाफ. देवमासा मोठा, म्हणून वाफही मोठी. खलाशी लांबूनच ती बघतात आणि म्हणतात, “तो बघा देवमासा!”

देवमासा केवढा असतो? निळा देवमासा हा जगातला सगळ्यात मोठा प्राणी. हत्तीही त्याच्यापुढे लहान. पूर्ण वाढलेला निळा देवमासा 80 ते 90 फूट लांब असू शकतो. एसटीच्या दोन-अडीच गाड्या एकीमागे एक लावल्या तर तेवढी लांबी होईल. त्याचे जन्मलेले पिल्लूच 20 फुटांहून जास्त लांब असते. आणि एवढ्या अजस्र प्राण्याचे खाणे काय? तर बोटाएवढे झिंग्यासारखे बारीक जीव! त्याला दात नसतात. तोंडात फणीसारखी झालर असते. तो तोंडभर पाणी घेतो, झालरीतून बाहेर सोडतो आणि अडकलेले बारीक जीव गिळतो. आपण चहा गाळतो तसेच हे. फरक इतकाच, की आपण गाळलेले पितो आणि तो गाळ खातो.

काय दिसेल, काय दिसणार नाही

आता खरे ते सांगतो. कोणी म्हणेल, “चला, पैसे द्या, देवमासा दाखवतो,” तर विश्वास ठेवू नका. आपल्या कोकणच्या समुद्रात देवमासे आहेत. 2015 साली सिंधुदुर्गच्या समुद्रात अभ्यासकांना निळ्या देवमाशाची मादी आणि तिचे पिल्लू दिसले. पण ते बहुधा खोल पाण्यात राहतात. किनाऱ्याच्या होडीतून ते दिसले तर नशीब. श्रीलंकेत मिरिसा नावाचे गाव आहे. तिथे मोठे देवमासे किनाऱ्यापासून फार लांब नसतात, म्हणून मुद्दाम ते बघायला बोटी जातात. आपल्याकडे तसे नाही.

डॉल्फिन मात्र आपल्याकडे सहज दिसतात. आपल्या किनाऱ्याला जो डॉल्फिन दिसतो, त्याच्या पाठीवर उंचवटा असतो. तो सात-आठ फूट लांब असतो. तो उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी राहतो, कारण तिथे मासळी भरपूर मिळते. दापोली तालुक्यात मुरूड आणि हर्णैच्या बाजूला, तसेच मालवणजवळ तारकर्ली आणि देवबागला होड्या मिळतात. मालवणला शिवाजी महाराजांचा सिंधुदुर्ग किल्लाही बघता येतो. तिथल्या समुद्राचा काही भाग 1987 साली सरकारने सागरी अभयारण्य म्हणून राखला आहे.

कासवाची पिल्ले बघायची तर वेळासला जावे. फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला ती अंड्यांतून बाहेर येतात.

आणि देवमासा केवढा असतो ते डोळ्यांनी बघायचेच असेल, तर रत्नागिरीला झाडगावच्या संग्रहालयात त्याचा सांगाडा ठेवला आहे. त्याच्याजवळ उभे राहिले की माणूस गप्प होतो.

कधी जावे, कसे जावे

पाचगणीहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. पोलादपूरहून खेडमार्गे दापोलीला जाता येते. मंडणगडला गेले की पुढे वेळास. मालवणला जायचे तर कोल्हापूरवरून घाट उतरून कणकवलीला जावे आणि तिथून पुढे मालवण.

पावसाळ्यात जाऊ नये. घाटात दरडी कोसळतात आणि समुद्र खवळलेला असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद असते. दिवाळी झाल्यावर उन्हाळ्यापर्यंतचे दिवस चांगले. होडीत बसायला सकाळची वेळ धरावी. तेव्हा वारा कमी असतो आणि पाणी शांत असते. शांत पाण्यावर डॉल्फिनची पाठ लगेच नजरेत भरते.

होडीत बसताना जाकीट घालावे. पोहता येत असले तरी घालावे. विहिरीत पोहणे निराळे आणि समुद्रात पोहणे निराळे.

होडीत बसल्यावर

आता मघाची गोष्ट आठवा. डॉल्फिन पाण्याच्या वर का येतो? आपल्याला तोंड दाखवायला नव्हे. श्वास घ्यायला येतो. तो वर येतो म्हणून तर आपल्याला दिसतो.

मग होडीवाल्याने जोरात यंत्र चालवून त्याच्या अंगावर होडी घातली, तर काय होईल? तो घाईघाईने श्वास घेईल आणि बुडी मारील. पुन्हा वर येईल, तर पुन्हा होडी डोक्यावर. धावताना आपल्याला कोणी धड दम घेऊ दिला नाही तर कसे वाटेल? शिवाय डॉल्फिन आवाजावर जगतात. आवाज काढून आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून ते मासळी हुडकतात. यंत्रांच्या घरघरीत त्यांना ते जमत नाही. बरोबर पिल्लू असेल तर आईची आणि पिल्लाची ताटातूट होते.

तुम्ही म्हणाल, “यात आमचा काय दोष? होडी तर होडीवाला चालवतो.” दोष आपलाही असतो. “अजून जवळ घे, शंभर रुपये जास्त देतो,” असे गिऱ्हाईकच म्हणते. होडीवाल्याला पोट आहे. तो जवळ घेतो. म्हणून आपणच आधी सांगावे, “दादा, लांबूनच दाखवा. घाई नाही.” होडी पन्नास मीटर तरी लांब ठेवावी, यंत्र हळू करावे आणि थांबावे. थांबणाऱ्याला डॉल्फिन नीट दिसतो. पाठलाग करणाऱ्याला नुसते हललेले पाणी दिसते.

आपण पाचगणीची माणसे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. सुट्टीत आपल्याकडे गाड्यांच्या रांगा लागतात. कोणी पठारावर पिशव्या टाकतो. कोणी शेतात शिरून न विचारता स्ट्रॉबेरी खुडतो. कोणी थकलेल्या घोड्यावर दोघे-दोघे बसायला बघतो. कोणी मात्र नीट बोलतो, रीतसर पैसे देतो, कचरा परत नेतो. चांगला पाहुणा कोण आणि वाईट कोण, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कोकणात गेलो की पाहुणे आपण. मग आपण कोणासारखे वागायचे, ते आपणच ठरवावे.

वेळासच्या लोकांनी काय केले

आता कासवाची गोष्ट. कासवालाही फुप्फुसे असतात. तेही श्वास घ्यायला वर येते. पण ते अंडी घालते आणि त्यासाठी त्याला जमिनीवर यावे लागते. रात्री मादी वाळूवर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. ती पुन्हा मागे बघत नाही. अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि पाण्याकडे धावतात.

पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. काही खात, काही विकत. उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या लोकांशी बोलून काम सुरू केले. गावातलीच माणसे पहाटे किनाऱ्यावर फिरू लागली. कासवाच्या पावलांच्या खुणा बघून अंडी शोधायची, ती अलगद उचलून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात ठेवायची आणि राखण करायची. पिल्ले निघाली की ती समुद्रात सोडायची.

2006 साली तिथे कासव महोत्सव सुरू झाला. लांबलांबची माणसे पिल्ले बघायला येऊ लागली. ती राहणार कुठे? गावात मोठी हॉटेले नव्हती. मग लोकांनी आपल्या घरीच त्यांची सोय केली. घरच्या बाया भात, आमटी, सोलकढी करून वाढू लागल्या. गावाला चार पैसे मिळू लागले. जे अंडे एकदा विकले की संपत होते, तेच राखले तर दरवर्षी मिळकत होते, हे गावाच्या ध्यानात आले. आता कोकणातल्या इतर पुष्कळ गावांतही असे काम चालते.

ही कासवे जातात तरी कुठे? 2022 च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर छोटे यंत्र चिकटवून तिला समुद्रात सोडले. ती कुठे आहे हे त्या यंत्रामुळे उपग्रहावरून कळू लागले. तिचे नाव ठेवले प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री नावाची मादी सोडली. ती दक्षिणेकडे पोहत गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली! म्हणजे सावित्रीच्या समुद्रातले कासव कृष्णेच्या समुद्रात गेले. आपल्याला समुद्र दोन वाटतात. कासवाला तो एकच आहे.

पिल्ले बघताना दोरीच्या बाहेर उभे राहावे. हात लावू नये. विजेरी आणि फोनचा दिवा लावू नये. अंधारात पिल्ले उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात.

अडकलेला जीव

जो श्वासासाठी वर येतो, तो वर येऊ शकला नाही तर गुदमरतो. डॉल्फिन किंवा कासव मासळीच्या जाळ्यात अडकले, की ते पाण्यात राहूनच बुडून मरते. कोळी मुद्दाम मारत नाहीत. पण जाळे महाग असते. ते कापले तर घरी काय सांगायचे? म्हणून 2018 साली महाराष्ट्र सरकारने ठरवले की असा जीव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर कोळ्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. हे चांगले झाले. जीवही वाचतो आणि गरिबाचा संसारही बुडत नाही.

कधीकधी देवमासा किनाऱ्याला लागतो. 2015 च्या जूनमध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याला सुमारे 42 फुटांचा निळा देवमासा वाळूत रुतला. तो मेला. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले. गावकरी, वन खाते, पोलीस सगळे धावले. त्याच्या अंगावर ओली कापडे घातली, पाणी मारले. पुष्कळ खटपट करून त्याला खोल पाण्यात ओढून नेले. पण ते जगले नाही.

हवा घेणारा प्राणी जमिनीवर का मरतो? कारण त्याचे अंग फार जड असते. पाण्यात पाणी त्याला उचलून धरते. वाळूवर त्याचे स्वतःचेच वजन त्याच्या छातीवर पडते. उन्हाने कातडी भाजते. असा जीव दिसला तर त्याच्यावर चढू नये, शेपटी धरून ओढू नये, नाकपुडीत पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. गर्दी लांब ठेवावी. वन खात्याला 1926 या क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच कळवावे.

उलटीचा मोह

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘देवमाशाची उलटी’ विकत घ्या, लाखाचे कोटी होतील, असे सांगणारी माणसे फिरतात. स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाच्या आतड्यात मेणासारखा एक पदार्थ तयार होतो. परदेशात पूर्वीपासून तो अत्तरात वापरतात. त्यालाच लोक उलटी म्हणतात. आपल्या देशात त्याची खरेदी-विक्री करणे गुन्हा आहे. मुंबई-पुण्याकडे कितीतरी माणसे यात पकडली गेली आहेत. देवमाशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. माल खरा असला तर तुरुंग आणि खोटा असला तर फसवणूक. दोन्हीकडून आपलेच घर बुडते. शेत गहाण टाकून असल्या धंद्यात पडू नका. कोणी सांगायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

डोंगरावरून काय करता येईल

समुद्र लांब आहे, मग आपले काय काम, असे म्हणू नका. डोंगरावर टाकलेले खाली जाते. कासव समुद्रातला मऊ, पारदर्शक जेलीफिश खाते. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवीही त्याला तशीच दिसते. तो पिशवी गिळते आणि ती आतड्यात अडकते. मग कासव उपाशी मरते.

आपल्याकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरतात. हंगाम संपला की तो फाडून बांधावर टाकतात. पहिल्या पावसात तो ओढ्याला जातो आणि ओढा नदीला मिळतो. काही तुकडे धरणात अडकतात, काही पुढे जातात. म्हणून हा कागद गोळा करून ठेवावा आणि भंगारवाल्याला द्यावा. पठारावर पाहुण्यांनी टाकलेल्या पिशव्या पावसाआधी उचलाव्यात. हे काम एका घराने होत नाही. गावाने मिळून केले तर एका दिवसात होते.

मग एखाद्या थंडीत चार घरांनी मिळून गाडी करावी. म्हाताऱ्यांना बरोबर घ्यावे. पहाटे होडीत बसावे, यंत्र बंद करावे आणि गप्प राहावे. थोड्या वेळाने जवळच ‘फूऽऽ’ असा आवाज येईल. तो डॉल्फिनचा श्वास. पाठ वर येईल, चमकेल आणि पाण्यात जाईल. त्या वेळी आपणही एक श्वास घेऊ. हवा एकच आहे. तीच त्याच्या छातीत जाते आणि तीच आपल्या.